आईची भूक आणि सात नंबरचा पिंजरा

११ जानेवारी १९८८, सोमवार

सामंत सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मिस कोळी, प्रयोगाच्या वहीत फक्त आकडे लिहायचे. तुम्हाला काय वाटतं ते घरी लिहा." म्हणून ही वही. धाकूदादाने त्याच्या खोपटच्या एस.टी. डेपोतून आणली. पहिल्या चार पानांवर टायरांचे नंबर आहेत, ती मी उलटून टाकली.

तर मला वाटतं ते असं : वास भयंकर आहे. औषधांची कंपनी म्हटल्यावर मला काचेची भांडी आणि पांढरे कोट डोळ्यांसमोर होते. कोट मिळाला, पण खोलीत साठ पिंजरे आणि साठ उंदीर. अर्धे सडपातळ, अर्धे इतके जाड की बसले की पाय दिसत नाहीत. एकाच आईबापांची पिल्लं, सर म्हणाले, जाडेपणा जन्मजात आहे. परदेशातून ही जात आणली आहे. ते एवढं का खातात, आणि खाल्लेल्याची चरबीच का होते, हे शोधायचं आहे. मी रोज त्यांचं खाणं आणि वजन मोजायचं.

घरी आल्यावर आईने मासळीची टोपली धुताधुता विचारलं, "उंदरा सांभालाला बी.एस्सी. लागते गो?"

आमच्या सगळ्या कोपरीगावात मुलगी औषधाच्या कंपनीत लागली म्हणून सांगून झालंय तिचं. आता उंदरांचं कुणाला सांगू नको म्हणते.


२३ जानेवारी, शनिवार

पिंजरे धुणारे मारुतीमामा मला उंदीर धरायला शिकवतात. शेपटीला धरून उचलायचा नाही, तळहाताखाली घ्यायचा. सात नंबरचा जाड्या माझ्या हातावर चक्क झोपतो. सडपातळ उंदीर दिवसाला अठरा ग्रॅम खातो, सात नंबर एकोणतीस. मी समोर उभी राहून पाहिलं. इतर उंदीर कुरतडून थांबतात, इकडेतिकडे हुंगतात, पुन्हा येतात. हा थांबतच नाही. त्याच्याकडे बघून मला आधी हसू आलं, मग आलं नाही. खाताना तो खूश दिसत नाही. कामावर असल्यासारखा खातो.


१४ फेब्रुवारी, रविवार

आईबरोबर सकाळी लोकलने दिव्याला गेलेले. ती दर रविवारी दम्याची पुडी आणायला जाते, आज पाय सुजलेत म्हणून मी सोबत. स्टेशनपासून शेताच्या बांधाने दहा मिनिटं चाललं की पत्र्याची खोली, बाहेर चाळीसएक माणसं. आत पुडीवाला बसतो. नाव कुणाला माहीत नाही, सगळे त्याला महाराज म्हणतात. नाडी बघतो, सात पुड्या देतो, जडीबुटी आहे म्हणतो.

पुडीचा गुण मात्र खरा आहे. दोन वर्षांपूर्वी आई मासळीची टोपली घेऊन स्टेशनचा पूल चढू शकत नव्हती. प्रत्येक पायरीवर बसायची. आता तिचा दम गेला तो गेलाच.

परतताना स्टेशनवरच्या यंत्रावर तिचं वजन केलं. एकाहत्तर! दोन वर्षांपूर्वी छप्पन्न होतं. तोंड ताटासारखं गोल झालंय, गाल लालबुंद, आणि मानेमागे मांसाचा उंचवटा आलाय. गंमत म्हणजे हातपाय काड्यांसारखे आहेत, सगळं वजन पोटावर. दंडावर निळे डाग आहेत, विचारलं तर "टोपली लागली" म्हणाली. बाजारात बायका तिला चिडवतात, "आवडाबाय, आख्खी पाटी तूच खातस काय?" आणि ती त्यांच्याबरोबर हसते.

खाते मात्र खरंच. काल रात्रीच्या तीन भाकऱ्यांनंतर सकाळी सहाला उरलेला भात. दुखणं संपलं म्हणून जीभ सुटली, दुसरं काय? मी आजपासून तिला शिस्त लावणार.


९ मार्च, बुधवार

आज एक निकाल आला, त्यावर सर फार खूश. चार आठवडे आम्ही निम्म्या जाड्यांना सडपातळ उंदरांइतकंच खायला दिलं, अठरा ग्रॅम, कणभर जास्त नाही. मला वाटलेलं बारीक होतील. वजन वाढायचं थोडं कमी झालं, पण चरबी जमतच राहिली. सर म्हणाले, "म्हणजे प्रश्न नुसत्या तोंडाचा नाही. आत गेलेल्या अन्नाचं काय करायचं हे आत कुणीतरी वेगळं ठरवतंय."

मी म्हटलं, "कदाचित पिंजऱ्यात अंथरलेला भुसा खात असतील, सर."

"मोजलाय भुसा. पिंजऱ्यात चोरण्यासारखं काही नसतं, मिस कोळी."

घरी मात्र चोरण्यासारखं पुष्कळ आहे. तीन आठवडे मी आईला माझ्याइतकंच वाढते. दोन भाकऱ्या, आमटी, मासळीची एक तुकडी. आज पुन्हा वजन केलं. बहात्तर. मी तिला सरळ विचारलं, "माझ्यामागे काय काय खातेस?"

"काय नाय खात."

"मग वजन हवेने वाढतं का?"

ती पदर तोंडाला लावून मागच्या दारी जाऊन बसली. मला वाईट वाटलं, पण आकडा खोटं बोलत नाही.


२ एप्रिल, शनिवार

पलीकडच्या खात्यात भिंत पाडत होते, दोन दिवस घणांचा आवाज. सरांनी त्या दोन दिवसांत तपासणीसाठी काढलेलं उंदरांचं सगळं रक्त फुकट म्हणून टाकून दिलं. का ते त्यांनी इतकं छान समजावलं की मी घरी येताना तेच घोळवत होते. प्राणी घाबरला, दमला, त्याला लागलं, उपास घडला, की मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात एक रसायन सोडतात. त्याने साखर वाढते, अंगातलं मांस मोडून वापरता येतं, पळायला बळ येतं. आणि धोका टळला की हेच रसायन सांगतं, खर्च झालेलं भरून काढ, खा. थोडा वेळ असेल तर ते जीव वाचवतं. आमच्या जाड्यांत ते सदोदित चढलेलं असावं असा सरांचा अंदाज आहे.

"म्हणजे सात नंबर सारखा घाबरलेला आहे?"

"घाबरलेला आहे की नाही त्याला विचारता येत नाही," सर म्हणाले. "त्याच्या रक्ताला मात्र तसंच वाटतंय."


१९ एप्रिल, मंगळवार

पंधरा जाड्यांच्या त्या दोन्ही ग्रंथी ऑपरेशनने काढल्या. सात नंबरही त्यात. मी पाहिलं नाही, बाहेर उभी राहिले. नंतर सगळ्यांच्या बाटल्यांत साध्या पाण्याऐवजी मिठाचं पाणी. ग्रंथी नसली की शरीरात मीठ टिकत नाही, मारुतीमामांनी पिंजऱ्यांवर लाल चिठ्ठ्या डकवल्यात.

धाकूदादा जेवताना म्हणाला, "एवढे हाल करून सांगणार काय, तर कमी खा."

 मारुतीमामा दर ऑपरेशननंतर देवाला हात जोडतात, आज मीही जोडले.


५ मे, गुरुवार

थांबलाय! सात नंबर खाता खाता थांबतो! एकोणतीसवरून सतरा ग्रॅम. आज त्याने दोन चावे घेतले, मिशा पुसल्या आणि कोपऱ्यात जाऊन बसला. मी पिंजऱ्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. त्याला कुणी ओरडलं नाही, त्याच्यापुढून काही काढून घेतलं नाही. एक रसायन गेलं आणि भूक साध्या उंदराएवढी झाली.

घरी मात्र आज भांडण. डब्यातले लाडू गेले. आई म्हणाली, "हो, खाल्ले. पोटात आग पडते गो, मी काय करू? झोप नाय येत. रातचा पडून मी भाकरीचाच विचार करते. लाज वाटते मना." धाकूदादा माझ्यावर ओरडला, "तिला उंदीर समजतेस काय?"

नाही समजत. उंदरावर मी कधी आवाज चढवत नाही.


२६ मे, गुरुवार

ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्म्यांना आता तेच रसायन इंजेक्शनने परत देतो. सात नंबर तिसऱ्या दिवशी सव्वीस ग्रॅमवर. पुन्हा तीच कामावर असल्यासारखी मान. मला रडू आलं, आणि मग असंही वाटलं की किती सुंदर उत्तर आहे हे. काढलं तर जातं, दिलं तर येतं.

आणखी एक गट आहे. ग्रंथी शाबूत असलेले सडपातळ उंदीर, त्यांनाही महिनाभर बाहेरून तेच देतोय. त्यांचे पाय वाळलेत, पोट सुटलंय, कातडी पातळ झालीय, धरलं तरी निळं पडतं. मारुतीमामा म्हणाले, "ताई, हे माणसासारखे दिसायला लागले." आम्ही हसलो.


७ जून, मंगळवार



आज सर चहा घेताना सहज म्हणाले की या रसायनाची भावंडं औषध म्हणून माणसांनाही देतात. स्टेरॉइड. सांधेदुखीला, दम्याला. जीव वाचवणारं औषध आहे, पण मोजून द्यावं लागतं, नाहीतर माणसाचा चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट वाढतं, हातपाय बारीक होतात, भूक आवरत नाही.

माझ्या हातातून बशी पडली.

मी पुडीचं सांगितलं. सर म्हणाले, "उद्या एक पुडी घेऊन या, रसायन विभागातल्या आनंदकडे द्या. मी हैदराबादला चाललोय, सोमवारी येतो. तोवर काही करू नका." दोनदा म्हणाले.


९ जून, गुरुवार

आनंदने औषधांचे डाग चढवलेली तपासणीची पट्टी दिव्याखाली धरून दाखवली. एका बाजूला ओळखीचं औषध, दुसऱ्या बाजूला आईची पुडी. दोन्ही डाग एकाच उंचीवर, म्हणजे रसायन एकच. "जडीबुटी वगैरे काही नाही," तो म्हणाला. "हळदीत मिसळलेलं प्रेडनिसोलोन आहे, म्हणजे स्टेरॉइडच. किती ते प्रत्येक पुडीत त्याच्या मनाप्रमाणे."

घरी येऊन आईच्या सगळ्या पुड्या घेतल्या आणि सरळ खाडीत टाकल्या. आई ओरडली, "माझा दम परत आला तर?" मी म्हटलं, दम आला तर डॉक्टर आहेत, हे विष आहे, तुझ्या भुकेचं कारण हेच आहे. तिला नीट कळलं नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे मी हावरी नव्हते?"

"नव्हतीस."

 मला आज फार बरं वाटतंय. सर येतील तेव्हा सांगेन, थांबले नाही म्हणून रागावणार नाहीत.


१२ जून, रविवार

आईने काल फक्त अर्धी भाकरी खाल्ली, आज तीही नको म्हणाली. सात नंबरसारखंच! मी धाकूदादाला म्हटलं, बघ. थोडी गळून गेलीय, दोनदा उलटी झाली, उठताना चक्कर येते. अंगातलं विष बाहेर पडत असणार. लिंबूपाणी दिलं.


१४ जून, मंगळवार

कालचं आज लिहिते. हॉस्पिटलच्या बाकावर.

सोमवारी सकाळी मी कामावर गेले. आई अंथरुणात होती, "पडते जरा" म्हणाली. शेजारच्या रंगूबाईंना बघायला सांगून मी निघाले. निघाले, हे इथे लिहून ठेवते.

दहा वाजता सरांनी इंजेक्शनवाले सडपातळ उंदीर उघडले. मी आकडे लिहून घेत होते. आधी साध्या उंदराची ग्रंथी दाखवली, मुगाच्या दाण्याएवढी. मग इंजेक्शनवाल्याची. मला ती आधी सापडलीच नाही. मोहरीएवढी.

"बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथीने काम सोडलं," सर म्हणाले. "म्हणून इंजेक्शन हळूहळू उतरवायचं असतं. एकदम थांबवलं तर या प्राण्याकडे स्वतःचंही नाही आणि बाहेरचंही नाही. खाणं टाकतो, ओकतो, गळतो, साध्या तापानेसुद्धा मरतो."

"किती दिवसांत?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस कोळी, पुड्या थांबवल्यात का तुम्ही?"

कोटासकट धावले. सरांनी कंपनीची जीप दिली. घरी आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, हातपाय गार, हाक मारली तर डोळे उघडून मिटायची. रंगूबाई म्हणाल्या, "झोपलीय म्हटलं, उठवू कशाला." ड्रायव्हर आणि मी तिला उचलली. एवढी जड, आणि हातात आले ते काडीसारखे दंड.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होते. जुलाब-उलट्यांची रांगच लागलेली. त्यांनी तिला त्यात धरायच्या आत मी बोलत सुटले. "ही दोन वर्षं स्टेरॉइडवर होती. दम्याच्या पुडीत होतं. मी गुरुवारी एकदम बंद केलं. हिच्या ग्रंथी झोपल्यात. हिला तेच औषध द्या आणि मिठाचं पाणी द्या."

"तुम्ही कोण? नर्स?"

"मी उंदीर सांभाळते."

त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं आणि सिस्टरना हाक मारली. शिरेतून इंजेक्शन, दोन्ही हातांना सलाइन. मी बाटलीतले थेंब मोजत बसले, कारण मला मोजण्याशिवाय काही येत नाही. चार वाजता तिने डोळे उघडले आणि डेपोतून धावत आलेल्या धाकूदादाला म्हणाली, "टोपली आत घेतली का?"

धाकूदादा बाहेर जाऊन रडला. मी नाही रडले. मला अजून रडायची हिंमत होत नाही. आईला मारायला निघाले होते मी, आणि तिने खाणं टाकलं तेव्हा खूश होते.


२१ जून, मंगळवार

आई घरी. डॉक्टरांनी तेच औषध गोळ्यांनी दिलंय, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं उतरवायचं, सहा-आठ महिने तरी लागतील. दम्यासाठी तोंडात फवारायचा पंप दिलाय. तो तिला खेळणं वाटतो.

सरांपुढे उभी राहिले. वाटलं काढून टाकतील. ते म्हणाले, "तुम्ही अर्ध्या उत्तरावर धावलात. मीही तीस वर्षांत दोनदा धावलोय. माझे उंदीर मेले, तुमची आई वाचली." मग वही पुढे सरकवून, "आकडे लिहा."

संध्याकाळी आईला सगळं कबूल केलं. तुला चोर म्हटलं, तुझं ताट मोजलं, आणि शेवटी माझ्याच हाताने हे झालं. ती खाडीतली निवटी मासळी साफ करत होती. म्हणाली, "तुला डॉक्टर पुढं बोलताना मी ऐकलं. डोले मिटलेले होते, कान नव्हते. कोन बोलते एवढी मोठ्यान, तर माझी मालू." बाकीचं तिने ऐकलं की नाही कळलं नाही. मग तिने मला विचारलं, त्या उंदराला भूक लागते तेव्हा त्याला लाज वाटत असेल का?

हे कुठल्या यंत्राने मोजायचं?


१७ जुलै, रविवार

वजन एकोणसत्तर. पायांची सूज उतरली. दम मात्र अधूनमधून येतो. परवा पंप मारूनही अर्धा तास खिडकीशी बसली होती. म्हणाली, "पुडी होती तवा हे नव्हतं." खरं आहे, आणि ते लिहायला हवं. पुडीने तिला दोन वर्षं पूल चढवला. माणसं तिथे मूर्ख म्हणून जात नाहीत.

आज भाकरी खाताना ती मध्येच थांबली, पाणी प्यायली आणि उरलेली चतकोर झाकून ठेवली. मी बघत होते हे तिला कळलं. "लिवून ठेव," म्हणाली. आम्ही दोघी हसलो.


४ सप्टेंबर, रविवार

आज दिव्याला गेलेलो. कल्पना आईची. तिला त्या रांगेतल्या बायका आठवतात. एक तर तिच्यासारखीच गोल झालेली, रांगेत तिच्याच पुढे बसायची. "तिला कोन सांगेल? तिच्याकडं कुटं उंदीर हायत," आई म्हणाली.

मी रस्ताभर वाक्यं जुळवत होते. माझी भीती वेगळी होती. पुडी वाईट आहे एवढंच सांगितलं आणि उद्या चाळीस माणसांनी ती खाडीत टाकली तर? मला माहीत आहे काय होतं.

रांग तशीच, पन्नासएक माणसं. मी बोलायला गेले. जे निघालं ते पुस्तकातलं मराठी. एक म्हातारा म्हणाला, "कुठल्या कंपनीची तू?" मी खरं सांगितलं, औषधाच्या. "मग झालं. यांच्या गोळ्या खपत नाहीत म्हणून पाठवलीय." लोक हसले.

तेव्हा आई पुढे झाली. तीस वर्षं बाजारात ओरडलेला गळा. पदर खोचला, पोलक्याच्या बाह्या वर केल्या आणि दंडाचे डाग दाखवले. "आता बगा. हे कुनाकुनाला हायत? लाजू नका. तोंड सुजलंय कुनाचं? रातची भूक कुनाला लागते? दोन वरसं मी यो पुडी खाल्ली. दम जातो, खोटं नाय. पन आतून शरीर झोपवते. आनि एकदम बंद केली तर मरनार, मी मरत होते. मंग हलूहलू सोडाची, डॉक्टरकडं जाऊन. माझी पोर शिकलेली हाय, ती बोलते ते आयका."

 आतून पुडीवाल्याच्या माणसाने दार लोटून घेतलं. म्हाताऱ्याने जागा सोडली नाही, बहुतेकांनी सोडली नाही. पण मी पाहिलं, सात-आठ बायकांनी हळूच पदर दंडावर ओढून घेतला.

आम्ही निघालो. बांधावर मागून कुणीतरी धावत आलं. तीच, आईपुढे बसणारी. नाव सगुणा, मुंब्र्याच्या बाजूला राहते, धापा टाकत होती. हातात आजच्या सात पुड्या, मुठीत घट्ट.

"ताई, मग आता ह्या घेऊ का नको घेऊ?"

आई माझ्याकडे बघायला लागली. तीन महिन्यांपूर्वी मी क्षणभरही थांबले नसते.

"आज घ्या," मी म्हटलं. "उद्यापण घ्या, एकही चुकवू नका. बुधवारी सकाळी पुड्या घेऊन ठाणे स्टेशनला पूर्वेच्या बाजूला या. मी डॉक्टरांकडे नेते."

"आणखी दोघी येतो म्हणाल्या तर?"

"आणा."

ती परत रांगेकडे वळली, त्या दोघींना सांगायला. मी बांधावर उभी राहून विचार करत होते, की जी पुडी बंद करा म्हणून सांगायला आले, तीच घ्या म्हणून सांगून चाललेय, आणि आज पहिल्यांदाच हे सगळं मला नीट समजलंय. आई कधीच पुढे गेली होती. वळून ओरडली, "बुधवारी किती जणी? तांदूल तेवढे भिजत घालते. हॉस्पिटलात पोरी उपाशी बसतील गो."